काठावरचा डाव

“एवढे चांगले पत्ते टाकून द्यायचे?” कुंदानं विचारलं. “गुलाम-नव्वी, तीही एका रंगाची! झब्बूत एवढ्यावर मी सगळ्यांना रडवलं असतं.”

“आत्या, हा झब्बू नाही. टाक.”

“टाकते बाबा,” म्हणत तिनं टॅबलेटच्या काचेवर बोट टेकवलं, ते इतक्या जोरात की टॅबलेट उशीवरून घसरला. कौस्तुभ हसला. कावीळ झाल्यापासून तो पहिल्यांदाच मोकळा हसत होता, म्हणून मी मेथी निवडायची थांबले आणि दोघांकडे बघत राहिले.

कौस्तुभ माझा एकुलता एक मुलगा. पुण्यात कंपनीत कामाला. त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर त्याला कावीळ झाली आणि सूनबाईंना रजा मिळेना, म्हणून मी त्याला सांगलीला घेऊन आले. हॉलमधल्या दिवाणावर त्याचं अंथरूण घातलं. उसाचा रस, लाह्या, पातळ ताकभात आणि पडून राहणं, एवढाच त्याचा दिवस. कुंदा माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही. मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाली. हे गेल्यावर त्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो. दोघींचं चांगलं जमायचं. भांडण व्हायचं ते आमटीत गूळ किती, एवढ्यावरच.

कौस्तुभ पडल्या पडल्या टॅबलेटवर काहीतरी खेळत असायचा. कुंदा त्याला रस द्यायला गेली की तिथेच रेंगाळायची. मग एक दिवस खुर्चीच ओढून बसली.

“हे पत्ते कसले रे?”

“पोकर. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकलेले. मग मधे पाच उघडे पडतात, ते सगळ्यांचे. ज्याची जुळणी भारी तो जिंकला.”

“आणि हे बिल्ले?”

“चिप्स. आपले पत्ते बरे वाटले तर चिप्स पुढे सारायच्या. नाही वाटले तर पत्ते टाकून द्यायचे, डाव सोडायचा. चिप्स संपल्या की माणूस बाहेर.”

“पैसे लागतात?”

“पंचावन्न रुपये. एकदाच भरायचे, सुरुवातीला. त्यापेक्षा जास्त काही जात नाही.”

ह्यांच्या हयातीत आमच्याकडे पैसे लावून पत्ते कधी खेळले गेले नव्हते. मी कपाळाला आठी घातली. पण कुंदाचं लक्ष पैशांकडे नव्हतंच. ती नावं वाचत होती. एका टेबलावर नऊ जण, अशी कितीतरी टेबलं. कुणी इंदूरचा, कुणी गुवाहाटीचा, कुणी कोचीचा.

“हे सगळे आत्ता, या घटकेला खेळताहेत?” तिनं विचारलं. “गुवाहाटीला तर आता दिवस कलायला लागला असेल.”

चार-आठ दिवसांत ती खेळायला लागली. कौस्तुभच्याच खात्यावरून, पण पंचावन्न रुपये मात्र स्वतःच्या पर्समधून काढून त्याच्या उशीखाली ठेवायची. जेवणं आटपली की ती ओटा पुसायची, केस नीट करायची, शाळेत जाताना घालायची ते घड्याळ मनगटावर बांधायची आणि दिवाणाशेजारी येऊन बसायची. मी शेजारी माझं निवडणं-टिपणं घेऊन. खेळ मला फारसा कळला नाही, पण कुंदाची बडबड ऐकायला बरं वाटायचं.

“हा ‘शेर-ए-भोपाळ’ फार उडतोय. याला कुणीतरी खाली बसवा.”

“आत्या, तू नको बसवूस.”

“का? एक बदामाची दश्शी आली की माझं काम होतंय.”

“एक दश्शी आली की! आणि नाही आली तर?” कौस्तुभ उठून बसायचा. शिकवायला लागला की तो अगदी ह्यांच्यासारखा दिसायचा, भुवया वर करून. “ऐक. याला काठावरचा धोका म्हणतात. जिंकायची शक्यता निम्मी, किंवा निम्म्याहून केसभर जास्त. मोठमोठे खेळाडू असतात तिथे असले धोके घ्यावे लागतात, कारण समोरचा चूक करत नाही. पण ही पंचावन्न रुपयांची स्पर्धा. इथे लोक उतावळे असतात. आपण नुसते थांबलो तरी ते एकेक करून आपणहून मरतात. मग कशाला उडी मारायची?”

“पण पंचावन्न रुपयेच आहेत ना?”

“हो.”

“मग इथे उडी मारायची नाही तर मारायची कुठे?”

कौस्तुभला हसू आलं. “तसं नसतं आत्या. थांबायचं. चांगले पत्ते येतात.”

“आणि थांबून थांबून आलेच नाहीत तर?”

“येतात गं. कधी ना कधी येतातच.”

“असं,” कुंदा म्हणाली आणि चष्मा पदराला पुसायला लागली.

तिनं त्याचं कधी ऐकलं नाही. जरा बरा पत्ता आला की ती चिप्स सारायची आणि मधले पत्ते उलगडताना श्वास रोखून बघायची. पुष्कळदा हरायची. हरली की दोन्ही हात वर करून म्हणायची, “गेले!” ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं त्याला मी तेव्हा खेळकरपणा समजत होते. एखाद्या दिवशी मात्र पत्ते तिच्यावर मेहेरबान व्हायचे आणि ती शेवटच्या वीस-पंचविसांत जायची. मग संध्याकाळी देवापुढे दिवा लावतानाही ती मला एखादा डाव समजावून सांगत असायची. “वहिनी, तिर्रीची जोडी होती माझ्याकडे. तिर्रीची! आणि तो एक्का घेऊन बसला होता.” मी हूं हूं करायचे. शाळा सुटल्यापासून तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

कौस्तुभचे डोळे पांढरे झाले, भूक लागायला लागली. पुण्याला परत जायचा दिवस ठरला. त्याच्या आधीच्या रविवारी त्यानं सकाळीच जाहीर केलं, “आत्या, आज वेगळी स्पर्धा आहे. फी तेवढीच, पण बक्षीस पैशांत नाही. पहिल्या तिघांना गोव्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा. हॉटेल, जेवण, सगळं त्यांचं.”

“गोव्याला टॅबलेटवर खेळायचं?”

“छे! खरोखर. टेबलाभोवती माणसं, हातात पत्ते. मांडवीत बोट उभी असते, तिच्यावर.”

“बोटीवर?”

“हो.”

“म्हणजे पाण्यात?”

“अगं, बोट पाण्यातच असते ना,” कौस्तुभ म्हणाला. “आज तू खेळायचं. मी फक्त बघणार. शब्द देतो.”

त्या दिवशी तिनं केस बांधायला जरा जास्तच वेळ घेतला.

दोन वाजता खेळ सुरू झाला. शेकडो माणसं होती. कुंदा नेहमीसारखी बडबडत नव्हती. पहिल्या तासात तिनं एकदा काठावरची उडी मारली, कौस्तुभनं ओठ आवळून घेतले, पण बोलला नाही, आणि ती तरली. पुन्हा एकदा मारली, पुन्हा तरली. चिप्सचा ढीग वाढत गेला. मी चहा केला, तो तिच्याजवळ निवून गेला. चार वाजता शंभरजण उरले होते, साडेचारला तीस. मीही निवडणं बाजूला ठेवून तिच्या खांद्यावरून डोकवायला लागले. शेवटी एकच टेबल राहिलं, मग सहा जण, मग चार.

“चार,” कौस्तुभ हळू आवाजात म्हणाला. “आत्या, आता नीट बघ. चौघांतला एक गेला की उरलेल्या तिघांना गोवा. तुझा नंबर दुसरा आहे. तो खालचा बघ, त्याच्याकडे काहीच नाही. तो दोन-चार डावांत संपणार.”

“म्हणजे मी काय करू?”

“काहीच नको. पत्ते टाकत राहा.”

“पहिला आला काय आणि तिसरा आला काय, सारखंच?”

“सारखंच.”

“मग हा खेळ कसला?” ती म्हणाली, पण तिनं दोन डाव निमूट सोडले.

तिसऱ्या डावाला सगळ्यांत जास्त चिप्स असलेल्यानं, ‘नवाब’ असं काहीसं नाव होतं त्याचं, आपला अख्खा ढीग मधे सारला. बाकीच्या दोघांनी पत्ते टाकले. पाळी कुंदाची. तिनं आपले दोन पत्ते पाहिले. इस्पिकचा एक्का आणि किलवरची राणी.

“टाक,” कौस्तुभ म्हणाला.

“एक्का-राणी आहे.”

“दिसतंय मला. टाक. हरलीस तर चौथी. सगळं गेलं. त्याच्याकडे जोडी असू शकते, एक्का-राजा असू शकतो. निम्मं-निम्मंसुद्धा धर, तरी टाक. आत्या, हे गणित आहे.”

पडद्यावर वेळेची पट्टी आखडत चालली होती. कुंदाचं बोट काचेपासून बोटभर वर थांबलं होतं.

“कौस्तुभ, मला बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“काय पत्ते पडतात ते.”

“आत्या, वेडेपणा करू नकोस!”

“अरे, मला नुसतं बघू दे ना,” ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. एखाद्या मुलीनं हट्ट करावा तसा होता तो. आणि तिचं बोट खाली जायला लागलं.

कौस्तुभ दिवाणावरून पुढे झुकला. एका हातानं त्यानं तिचं मनगट बाजूला सारलं आणि दुसऱ्या हातानं पत्ते टाकले.

सगळं क्षणात झालं. त्यात दांडगाई नव्हती. रस्ता ओलांडताना आपण म्हाताऱ्या माणसाचा दंड धरतो तेवढीच पकड होती त्याची. पडद्यावरचे एक्का-राणी उलटे होऊन नाहीसे झाले. नवाबानं आपले पत्ते दाखवले नाहीत, त्याला दाखवायची गरजच नव्हती. मधले पाच पत्ते पडलेच नाहीत.

“सॉरी आत्या,” तो म्हणाला, “पण तू आत्ता सगळं घालवलं असतंस.”

पुढचे डाव त्यानंच खेळले. म्हणजे पत्ते टाकले. थोड्याच वेळात तो खालचा खेळाडू संपला आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. कौस्तुभनं ओरडून आत्याला मिठी मारली. “जिंकलो! आत्या, गोवा! आई, आत्या गोव्याला चालली!”

“आपण जिंकलो?” कुंदानं विचारलं.

“मग काय!”

“मी काय केलं?”

“तू थांबलीस ना. तेच तर अवघड असतं.”

“मी नाही थांबले,” कुंदा म्हणाली. तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं, त्याचा पट्टा नीट सरळ केला आणि ते घेऊन ती आत गेली.

मी मागोमाग गेले नाही. मी तिथेच उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे हाच हॉल होता, चाळीस वर्षांपूर्वीचा.

माझं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. सासरे नव्हते, घरचं सगळं ह्यांच्या शब्दावर चालायचं. कुंदाला बघायला वेंगुर्ल्याचे नेरूरकर आले होते. माणूस व्यापारी बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. काळासावळा, जरा बुटका, हसला की दात दिसायचे. पोहे झाले, चहा झाला. कुंदा तेव्हा नुकतीच शाळेत लागली होती. बघायला आलेल्या माणसाला मुलीनं प्रश्न विचारायची रीत नव्हती, पण तिनं विचारलं, “मोंबासाला बोट थेट धक्क्याला लागते का?” तो एवढा खूश झाला! बशीतली बिस्किटं ट्रेमधे मांडून त्यानं तिला सगळं बंदर दाखवलं. हे बेट, हा पूल, इथून बोट आत येते. कुंदा पुढे वाकून बघत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला वाटलं, जमलं.

मध्यस्थानं विचारलं, “मुलीचं काय म्हणणं आहे?”

कुंदानं मान वर केली. ती बोलणार होती, ओठ उघडलेले मी पाहिले. तेवढ्यात ह्यांनी हात मधे धरला, तिच्या आणि पाहुण्यांच्या मधे, आणि हसून म्हणाले, “तिचं काय वेगळं असणार? आम्ही कळवतो.”

कळवलं ते नाही म्हणून. बोटीवरचा माणूस, वर्षातले नऊ महिने बाहेर, आज आहे उद्या नाही. कुंदाला ते म्हणाले, “घाई काय आहे? थांब. याहून चांगली स्थळं येतील.” ते बहिणीवर जीव टाकणारे होते. तिचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. स्थळं आली. त्याहून चांगलं एकही आलं नाही. मग बेताची आली, मग बिजवरांची, मग यायची थांबली. नेरूरकरांचं पुढे काय झालं आम्हाला कधी कळलं नाही. त्यांची बोट बुडाली असेल, किंवा त्यांनी कुणाला तरी सगळी बंदरं दाखवली असतील.

त्या रविवारी दिवेलागणीला कुंदा मागच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. गुडघे दुखतात म्हणून आम्ही तिथे बसायचं सोडून दिलं होतं.

“कौस्तुभ चांगल्यासाठीच करत होता गं,” मी म्हणाले.

“हो की.”

“रागावलीस?”

“नाही. त्याचं गणित बरोबर होतं. मी मघाशी पुन्हा करून पाहिलं. पत्ते टाकायलाच हवे होते.” मग म्हणाली, “वहिनी, तेव्हा तू दारात उभी होतीस.”

कधी, असं मी विचारलं नाही.

“हो,” मी म्हणाले.

“आणि आजही, माझ्या मागे.”

“हो.”

“तेच म्हटलं. मला वाटलं, दोन्ही वेळा एकच झालं असं मलाच वाटतंय की काय.” तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि हाताचा आधार घेत उठली. “चल, भात लावायचाय.”

गोव्याला जायला तिनं नकार दिला. कौस्तुभनं पुण्याहून रोज फोन केला, विनवण्या केल्या, शेवटी चिडला. “आत्या, रुसायचं वय आहे का हे?” तिनं एवढंच सांगितलं, “ते तिकीट तुझं आहे राजा. तूच मिळवलंस. तू जा.” खातं त्याच्याच नावाचं होतं, तोच गेला. मला मात्र पहिले कितीतरी दिवस वाटत होतं की आयत्या वेळी ती बॅग भरेल. भरली नाही.

गोव्याहून तो दुसऱ्याच दिवशी निघाला आणि वाटेत सांगलीला उतरला. चेहरा पडलेला. कुंदानं त्याला गरम पोळी वाढली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही झालं, तोच तर वैताग आहे,” तो म्हणाला. “कुणी मला हरवलं असतं तर एवढं वाटलं नसतं. चांगले पत्ते आलेच नाहीत. मी थांबलो. दर फेरीला थोड्या चिप्स भराव्याच लागतात, खेळा नाहीतर नका खेळू. थांबता थांबता संपलो.”

कुंदानं त्याच्या ताटात दुसरी पोळी घातली. “बोट कशी होती?” तिनं विचारलं.

“बोट? बोट काय... आत एसी होता. पाणी दिसतच नव्हतं.”

“बरं,” ती म्हणाली.

दिवाळी झाली. भाऊबीजेला कौस्तुभ आला, ओवाळून घेऊन गेला. तो गेल्यावर कुंदानं कपाट आवरायला काढलं. मला वाटलं, जुन्या साड्या द्यायला काढतेय. संध्याकाळी तिनं सांगितलं, कोल्हापूरला राजारामपुरीत तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरावर एक खोली रिकामी आहे, ती तिनं भाड्यानं घेतलीये.

“कशासाठी?”

“राहायला.”

“अगं, पण या वयात एकटी? रात्री-अपरात्री काही झालं तर? इथे तुला काय कमी आहे?”

“कमी काहीच नाही वहिनी. इथे सगळं बरोबर असतं. पहिल्यापासून बरोबरच असतं.”

“माझं काही चुकलं का?”

“तुझं कसलं चुकतंय? तू कधी काही केलंयस का?”

हे ती मायेनंच बोलली. बोलताना माझ्या केसांत अडकलेलं कसलंसं पान काढत होती. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं मला वाटत होतं की कधीच काही न करणं ही माझी चांगली बाजू आहे.

मी तिला अडवू शकले असते. कौस्तुभला फोन केला असता तर तो धावत आला असता, डॉक्टरांना मधे घातलं असतं. मी फोन उचललाही होता, मग ठेवला. रिक्षात तिची बॅग मीच ठेवली. त्यानंतर घर एवढं मोठं कसं झालं ते मला समजेना. आमटीत गूळ मी माझ्या मापानं घालायला लागले आणि ती मला गोड लागेना.

तिला भेटायला मी गेले ती संक्रांत उलटून गेल्यावर, एका रविवारी. जिना चढून गेले तर दार उघडंच. एक कॉट, एक टेबल, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि खिडकीत कुंदा बसलेली. हातात नवा मोबाइल. तिनं स्वतःचं खातं उघडलं होतं, स्वतःच्या नावानं.

“ये ये. आत्ताच सुरू झालंय. बस.”

“जिंकतेस का?” मी तिळगुळाचा डबा ठेवत विचारलं.

“छे! दर रविवारी मार खाते. कधी नव्हे ते एवढी मजा येते. वहिनी, तू खेळ.”

“मी? मला कुठे येतंय!”

“दोन महिने शेजारी बसून बघत होतीस ना? घे.” तिनं मोबाइल माझ्या हातात दिला.

मी घेतला. पहिले काही डाव मी सोडून दिले. मग माझ्याकडे राजा आणि दश्शी आली. समोरच्यानं बऱ्याच चिप्स सारल्या. काय करावं सुचेना. मी कुंदाकडे पाहिलं.

ती माझ्या शेजारी कॉटवर बसली होती. तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांत सगळं दिसत होतं, मी काय करायला हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती हातांवर बसून राहिली होती.

“सांग ना गं,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. नाही.

मी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. मधले पत्ते एकेक करून उलगडले. चौकी. पंजी. दुर्री. माझ्या कामाचं काही नाही. मग एक एक्का, मग आणखी काहीतरी. त्याच्याकडे नव्व्यांची जोडी होती. कुंदाचं नाव पडद्यावरून गेलं. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

“काय करायला हवं होतं मी?” मी विचारलं.

“मला काय माहीत,” कुंदा म्हणाली. “तुझे पत्ते होते.” तिनं हात मांड्यांखालून काढले, दाबून पांढरे पडले होते ते चोळले आणि चहा टाकायला उठली.

आता ते पैशाचे खेळ सरकारनं बंद केलेत. कुंदा म्हणते, बरं झालं, माझं खेळून झालं होतं. ती अजून तिथेच राहते, पोस्टात स्वतः जाते, स्वतःचा भाजीपाला आणते. कौस्तुभ दर खेपेला तिला आणायला निघतो आणि मी त्याला थांबवते. संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी मात्र मला राहवलं नव्हतं. निघताना, जिन्याच्या वरच्या पायरीवर मी तिचा हात धरला होता.

“कुंदा, घरी चल गं.”

“येईन की,” ती म्हणाली. “आंबे आले की येईन. चांगली चार दिवस राहीन.”

चार दिवस. पाहुणी येते तशी.

मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा उंबरठ्यावर तांदळाचं माप कुंदानंच ठेवलं होतं, आणि आत ये म्हणाली होती.